दिव्यात तेल होतं

एक तप झालं. उल्कांची छायाचित्रं घेण्यासाठी आम्ही हिंगोलीच्या मुलखात गेलो होतो, आणि परत आल्यावर त्या प्रवासाची हकीकत मी एका मासिकात छापली होती. वाचकांना ती आवडली. तिच्यात एक गमतीचा परिच्छेद होता. सिद्धेश्वरजवळच्या एका आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरी, पाचवीच्या रात्री सटवाईपुढचा दिवा विझला, जागरणाला बसलेली बाई घोरत पडली होती, आणि सकाळी घरात कुणी मेल्यासारखी रडारड झाली. माझे एक स्नेही तो परिच्छेद चारचौघांत म्हणून दाखवत आणि लोक पोट धरून हसत.

तो दिवा आपोआप विझला नव्हता. मी विझवला होता.

यंदाच्या थंडीत मी त्याच वाटेने पुन्हा जाऊन आलो. ज्यांनी ती जुनी हकीकत वाचली असेल, त्यांनी कृपा करून हीही वाचावी.

वाशीम

हैदराबादच्या कॉलेजातली प्रयोगशाळेची नोकरी संपल्यावर मी वाशीमला, माझ्या गावी येऊन राहिलो. गेल्या वर्षी मोगलाईत धामधूम सुरू झाली आणि सरहद्द ओलांडून माणसं आमच्याकडे येऊ लागली. त्यांच्यासाठी धर्मशाळेत भाकऱ्या जात. एक दिवस मी टोपली घेऊन गेलो, तर कोपऱ्यातला एक म्हातारा माझ्याकडे टक लावून बघत राहिला.

"तुमी तारे धरणारे साहेब ना?" तो म्हणाला. "आमच्या सिद्धेश्वराला आलते. जाळं टाकून."

मी हो म्हणालो. एवढ्या दिवसांनी कुणी ओळखलं याचं बरंही वाटलं.

"तुमच्या येळची ती मारोतीची पोर. दिवा गेला व्हता ती. ध्यानात हाये?"

"आहे. मोठी झाली असेल."

"मोठी झाली, पन नाव न्हाई तिला अजून."

मला कळलं नाही. तेव्हा त्याने समजावून सांगितलं. दिवा गेला म्हणजे सटवाईने अंधारात काही लिहिलं नाही, कपाळ कोरंच राहिलं. कोऱ्या कपाळाच्या पोरीचं बारसं कसं घालायचं? शिवाय बाळाच्या कानात नाव सांगायची ती आत्या. आत्या एकच, गया, आणि दिव्यापाशी झोपली म्हणून मारोतीने तिलाच घराबाहेर काढलं. "आता सोयरिकी येऊन राहिल्या, तर पावने पैले नाव इचारतात. मंग पानी पिऊन उठून जातात."

त्या दिवशी टोपलीत किती भाकऱ्या उरल्या ते मी पाहिलं नाही. घरी येऊन पडून राहिलो. बायकोने विचारलं, "काय झालं?" मी म्हणालो, "पित्त."

दिवाळीनंतर मोगलाईतले रस्ते खुले झाले. मी जुन्या सामानातून त्या रात्रीच्या उल्केचं छायाचित्र काढलं, धोतरजोडी आणि शाल बांधली आणि निघालो.

गोरेगाव

रिसोडवरून गोरेगावला जाणारी मोटार अजून लढाईच्या दिवसांतलीच आहे, मागे कोळशाची भट्टी लावलेली. चढ आला की उतारू खाली उतरतात. मला म्हातारा म्हणून बसू दिलं, तर ड्रायव्हरने मागे वळून पाहिलं. "बाबा, तुमी बसा बराबर. पन जरा हलकं होऊन बसा." उतरून ढकलणारे हसले. मलाही बरं वाटलं. फार दिवसांनी कुणी माझी थट्टा केली होती.

गोरेगावचा बाजार भरला होता. तुरीच्या शेंगांचे ढीग, अंबाडीचे दोर, कापसाच्या गाड्या. आमच्या वऱ्हाडात शेंगा उकडून मीठ लावतात. इथे मडक्यात पाल्याखाली भाजतात, त्यामुळे दाण्याला धुराचा वास येतो. मी पसाभर घेऊन खात खात त्या माडीपर्यंत गेलो. आमचे प्राध्यापक मीरसाहेब यांनी त्या वेळी तिच्या गच्चीवर पहिला कॅमेरा लावला होता. माडीला कुलूप होतं. मालक कुठे गेले ते शेजाऱ्याने सांगितलं नाही, आणि त्याचा चेहरा पाहून मीही पुन्हा विचारलं नाही.

काम काय होतं ते इथे सांगतो. एका डोळ्याने बोट पाहावं, मग दुसऱ्याने, तर बोट जागा बदलल्यासारखं दिसतं. दोन डोळ्यांतलं अंतर माहीत असेल तर बोट किती लांब आहे ते काढता येतं. आकाशातल्या उल्केसाठी डोळे कोसाकोसांवर ठेवावे लागतात. म्हणून एक कॅमेरा गोरेगावला, दुसरा दहा-बारा कोसांवर सिद्धेश्वरला आणि तिसरा वारंग्याजवळ, असे तिन्ही आभाळाच्या एकाच तुकड्याकडे रोखलेले. भिंगापुढे चावीवर फिरणारा पंखा होता. त्याच्या पात्यांमुळे उल्केची रेघ तुटक उमटते. तुकड्यांवरून तिचा वेग कळतो. वारंग्याच्या पंख्याची कमान पहिल्याच रात्री तुटली, म्हणून उरले दोन. कॅमेऱ्यातली छायाचित्राची काच उघडी ठेवायची, आकाशाखाली पडून राहायचं, मोठी उल्का दिसली की घड्याळाची वेळ सांभाळायची. दोन्हीकडची घड्याळं आम्ही हिंगोली स्टेशनच्या घड्याळाशी जुळवून घेतली होती.

मीरसाहेब निघताना म्हणाले होते, "जो देखे सो लिखो मियाँ. जो नहीं देखे सो नक्को."

ते चार वर्षांपूर्वी वारले. मी न पाहिलेलं बरंच लिहिलं, आणि स्वतः पाहिलेलं एक लिहिलं नाही.

हिंगोली

हिंगोलीत धर्मशाळेत उतरलो. स्टेशनावर गेलो, तर घड्याळ तेच होतं, फक्त काचेला तडा गेलेला. खानावळीत ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि वर कच्चं तेल. वाढणाऱ्याने विचारलं, "कोनीकडं निघाले?"

"सिद्धेश्वराला."

"देवाला?"

"नाही."

"मंग काहून?"

मी भाकरी मोडत राहिलो. तो म्हणाला, "जेवा निवांत. न सांगायसारखं असंल तर नगा सांगू," आणि आणखी एक भाकरी वाढून गेला.

औंढा ते सिद्धेश्वर

औंढ्यापासून पुढे बैलगाडी. नागनाथाचं शिखर मागे पडलं की वाट डोंगराच्या पायथ्याने जाते. काळी माती, मधे मुरमाचे माळ, वेचणीला आलेला कापूस. एका ओढ्याच्या उतारावर चाकाची खीळ पडली आणि गाडी कलली. मी पडलो नाही, पण शाल चिखलात गेली. गाडीवानाने बाभळीची फांदी तासून खीळ बसवली आणि म्हणाला, "काका, देवानं खूण दिली. आता सावकाश जाऊ." मी मनात म्हटलं, खूण कसली दिली तेवढंही सांगितलं असतं तर.

वाटेत एक तांडा लागतो. पूर्वी ही माणसं बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलुखभर हिंडत. आता ज्वारी पेरतात. त्या वेळी याच तांड्याच्या नायकाने आमच्या पेट्या पाहून विचारलं होतं, "तारा धरला तर ठेवनार कुटं?" पूर्णेवरच्या मासेमारांनी तर मला जाळ्याचा भाव विचारला होता. सगळे हसले होते, मीही हसलो होतो. आमचं येणं त्यांना करमणूक होती. पाटलाने दवंडी दिल्यावर मात्र ती राहिली नाही: सरकारी काम आहे, कॅमेरा लावलेल्या माळाच्या आसपास रात्री शेकोटी पेटवायची नाही, कंदील ठेवायचा नाही.

त्या थंडीत लोक शेकोटीविना झोपले. माझ्या जुन्या हकीकतीत 'ग्रामस्थांनी आनंदाने सहकार्य केले' असं वाक्य आहे.

आखाडा

मारोतीचा आखाडा माळाच्या उताराला होता. शेतातलं घर, भिंती मातीच्या नाहीत, पऱ्हाटीच्या कुडाच्या. त्यातून आतला उजेड रेघारेघांनी बाहेर यायचा. त्या संध्याकाळी मारोती माळावर आला होता, हात जोडून.

"साहेब, आज पाचवी हाये. आदीची दोन लेकरं पाचवीच्या आत गेली. ही जगली. एक दिवा ऱ्हाऊ द्या."

मी म्हणालो होतो, "राहू दे. दिवा चालेल."

रात्र चढली आणि मिथुन राशीकडून एक मोठी उल्का आली. हिरवट, संथ, अर्ध्या आभाळाला चाटून गेलेली. मी घड्याळ पाहिलं. ती आमच्या काचेवर उमटली असणार हे मला कळलं. आता सांभाळायची ती काच. आणि मग मला तो कुडातला उजेड दिसला. तो भिंगात शिरला, काच धुरकटली तर? झाकण लावून मोकळं होता आलं असतं. पण ठरलेली वेळ व्हायची होती. दुसरी उल्का आली तर तीही हवी होती.

मी खाली उतरलो. दार लोटलेलं. बाळंतीण भिंतीकडे तोंड करून निजलेली, जवळ मूठभर बाळ. पाट्यावर हळदकुंकू, त्यापुढे दिवा, आणि दिव्याजवळ भिंतीला टेकलेली गया. तिचा डोळा लागला होता. घोरत नव्हती. नवऱ्याने टाकलेली, विशीतली पोर. दिवसभर भावाचा कापूस वेचून आलेली.

मी वात चिमटीत धरून विझवली आणि परत माळावर गेलो.

त्यानंतर त्या तुकड्यात एकही उल्का आली नाही.

सकाळी आखाड्यावर आरडाओरडा झाला तेव्हा मी तिथेच चहा पीत उभा होतो. मारोती बहिणीला म्हणत होता, "एक रात! एक रात जागता न्हाई आलं तुला?" ती दिव्याकडे बघत होती. मी काही बोललो नाही. आठवड्याने हैदराबादला काच धुतली. रेघ स्वच्छ उमटली होती, तुटक तुटक, मोत्यांसारखी. काच कुठेही धुरकटलेली नव्हती. आदल्या तासाची काच तर दिव्याच्या पूर्ण उजेडात घेतलेली. तीही कोरी स्वच्छ होती. दिव्याने काहीच बिघडत नव्हतं. गोरेगावच्या काचेशी आमची रेघ जुळली, आणि मीरसाहेबांनी मला मिठी मारली.

आता मारोती केसांनी पिकला आहे. कुडाच्या जागी मातीची भिंत आली आहे. अंगणात त्याची बायको कौसाबाई तूर झोडत होती आणि तिच्यासारख्याच नाकाची एक पोर सूप घेऊन उभी होती. मी कोण ते सांगितलं. बाजेवर बसवून त्यांनी पाणी दिलं. मी पाणी प्यायलो नाही. आधी बोललो. अडखळत, पण सगळं बोललो.

मारोती म्हणाला, "आता काहून सांगून राहिले?"

"धर्मशाळेत कळलं तेव्हा..."

"न्हाई. तवा काहून न्हाई सांगितलं ते इचारून राहिलो. तुमी हितंच व्हते. ह्याच अंगनात. मी तिला बोलत व्हतो आन् तुमी चहा पिऊन राहिलते."

मी म्हणालो, "भ्यालो."

"कोनाला? मला?" तो हसला, पण ते हसणं ऐकवेना. "सरकारी मानूस मला भ्याला म्हना."

कौसाबाईने हातातली काठी खाली ठेवली. "वन्संला सांगितलं का?"

"नाही अजून."

"मंग आमाला काय सांगता? ज्याचं त्याला सांगा आदी." आणि नवऱ्याकडे वळून, "उठा. तुमी बी चला."

"मी कशाला?"

"काढलं कोनी व्हतं?"

नदीकाठ

गया नदीकाठच्या वस्तीत राहते. लोकांच्या शेतात रोजाने जाते. आम्ही गेलो तेव्हा दारात बसून अंबाडी सोलत होती. केस पांढरे झालेले. मला वाटलं होतं त्याहून ती मोठी दिसली. भावाला पाहून उठली नाही. पोर मात्र धावत जाऊन तिच्याशेजारी बसली. म्हणजे ही येत-जात होती. मारोतीने ते पाहिलं आणि नदीकडे तोंड फिरवलं.

मी पुन्हा सगळं सांगितलं. या वेळी अडखळलो नाही, त्यामुळे ते जास्त कठीण गेलं.

ती ऐकत होती. हात थांबले होते. माझं संपल्यावर तिने एकच विचारलं.

"तेल व्हतं?"

"कसलं?"

"दिव्यात. तेल व्हतं का संपलं व्हतं?"

"होतं. अर्ध्याहून जास्त होतं."

"बराबर पाह्यलं?"

"पाहिलं. वात चिमटली तेव्हा बोटांना लागलं."

मग भावाकडे न बघता, जणू नदीला सांगावं तशी म्हणाली, "मीच घातलं व्हतं. वैनीला इचारून घातलं. मला वाटायचं, हात आखडला असंल. भावाच्या घरचं तेल, जास्ती घालू का नगं, असं मनात आलं असंल. एवढी वर्सं रोज दिवा लावते, रोज काठोकाठ भरते. तेल मावत न्हाई, भुईवर सांडतं."

खरंच तिच्या दाराशी कोनाड्याखाली तेलाचा काळा ओघळ होता.

मला वाटलं होतं ती मला शिव्या देईल. मी त्या तयारीने आलो होतो. शाल पुढे केली, तर तिने बोटाने बाजूला सारली. "चिखल लागलाय हिला," ती म्हणाली. "धुवून तुमच्या बायकोला द्या."

मग मी छायाचित्र काढलं. का काढलं सांगता येत नाही. दुसरं द्यायला काही नव्हतं म्हणून असेल. काळ्या कागदावर ती तुटक पांढरी रेघ. पोरीने ते दोन्ही हातांनी धरलं.

"हाच तो तारा?" गयाने विचारलं.

"हाच. हा पडला आणि मग मी खाली आलो."

"मंग? म्हंजी हा पडला तवा दिवा..."

"तेव्हा दिवा जळत होता. मी नंतर विझवला."

"किती येळ जळत व्हता?"

"तिन्हीसांजेपासून. मध्यरात्र उलटेपर्यंत."

तिने छायाचित्र पोरीच्या हातून घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, मग लांब धरलं. कौसाबाई पुढे आली. दोघी बायका एकमेकींकडे बघत होत्या आणि माझ्या लक्षात काही येत नव्हतं.

"वैनी," गया म्हणाली, "सटवाई काय पहाटं येती व्हय?"

"मध्यानरातीच्या आत येती," कौसाबाई म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "माझी आई सांगायची. लिहून निघून जाती."

"मंग उजेड व्हता. हे बघा, हितं हाये. हा पडला तवा उजेड व्हता."

आयुष्यभर मी शास्त्र शिकवण्यात मदत केली. माझ्या शास्त्रात सटवाई नाही, कपाळावरचं लिहिणं नाही. दोन ठिकाणांहून एकाच वेळी एकच उल्का दिसली, एवढंच त्या कागदाचं सांगणं. पण त्या बायकांनी त्यावरून जे सिद्ध केलं त्यात मला चूक सापडली नाही, आणि सापडली असती तरी या वेळी मी गप्प बसायला शिकलो होतो.

कौसाबाईने पदर खोचला. "हरभरा भिजत घालते," ती नवऱ्याला म्हणाली. "उद्या बारसं. आत्याबिगर व्हनार न्हाई. तुमी तिला बोलवा. माझ्या तोंडानं न्हाई, तुमच्या."

मारोती दारासमोर उभा होता. त्याला वाकता येत नव्हतं, आणि गया त्याला मदत करत नव्हती. शेवटी तो म्हणाला, "गये, चल."

"कुटं?"

"घरी."

"कोनाच्या?"

त्याने तोंडावरून हात फिरवला. "तुज्या," तो म्हणाला.

ती उठली. सोललेली अंबाडी आत ठेवली, दार लोटलं. जाताना माझ्यासमोर थांबली. "तुमी सांगितलं ते बरं केलं. पन हे बी ध्यानात ठेवा, तुमच्यासाठी म्या काय माफ केलं असं न्हाई. मला येळ लागंल."

मी म्हणालो, "हो."

बारसं

आमच्याकडे बारशाला पाळणा सजवतात. बारा वर्षांच्या पोरीला पाळण्यात कसं घालणार? बायकांनी पाळण्याची दोरी नुसती तिच्या खांद्यावरून टाकली आणि हसत हसत तिला पाटावर बसवलं. मी बाहेर अंगणात, पुरुषांत. घुगऱ्या वाटल्या, हरभरा, वर गूळ-खोबरं. माझ्या ओंजळीतही पडल्या. कुणी वगळलं नाही, कुणी आग्रहही केला नाही.

"आत्याला बसवा पुढं," कुणीतरी आतून म्हणालं. "बारा वर्साचं कर्ज हाये, पाठ मजबूत कर गं गया!"

मग शांत झालं. आत्या कानाशी वाकली असणार. आणि लगेच तिच्या पाठीवर बायकांचे धपाटे सुरू झाले. आमच्याकडेही ही रीत आहे, पण इतके धपाटे मी कधी ऐकले नाहीत. त्यात एक गयाचंच ओरडणं, "अगं माराल मला, सटव्यांनो, हळू!" आणि त्यावर आतल्या सगळ्यांचं हसणं, आणि त्या हसण्यात एक कोवळं हसणं वेगळं कळत होतं.

औंढ्याची मोटार चुकेल म्हणून गाडीवान घाई करत होता. मारोती बांधापर्यंत आला. रामराम केला आणि परत फिरला. मी छायाचित्र तिथेच ठेवून आलो आहे. ते आता कौसाबाईच्या देव्हाऱ्यात, सटवाईच्या टाकाशेजारी आहे.

माझ्या जुन्या हकीकतीतला तो परिच्छेद वाचकांनी खोडून टाकावा. जागरणाला बसलेली बाई घोरत नव्हती. दिव्यात तेल होतं.

पोरीचं नाव काय ठेवलं ते धपाट्यांच्या आवाजात मला ऐकू आलं नाही, आणि विचारायचा हक्क मला नव्हता. म्हणून ते इथे लिहिलेलं नाही.